वाघीण हलली नव्हती, मी हलले होते!

ताडोब्याहून परत आले त्या रात्री आमच्या रूमवर निम्मी विंग जमली होती. सगळ्यांना वाघ बघायचा होता. मी ऐटीत लॅपटॉपवर फोटो उघडला आणि एकदम शांतता! मग मागून कुणीतरी हळूच विचारलं, "अगं, यात वाघ कुठला आणि झुडूप कुठलं?"

खरंच, फोटोत होता तो नुसता एक नारिंगी ढग. आणि गंमत म्हणजे ती वाघीण आमच्यापासून तीसेक मीटरवर, पाण्यात अगदी निवांत बसून होती. कॅमेरा बरा होता, काकांकडून मागून आणलेली ३०० एमएमची लेन्स उत्तम होती. आणि या सगळ्याखाली, ज्याचा मला फार अभिमान होता तो, चक्क एक ट्रायपॉड होता! मग चुकलं कुठे? व्हायब्रेशन्सच्या पेपरात चांगले मार्क मिळवलेल्या मुलीला हे कळायला एक अख्खी सफारी वाया घालवावी लागली. तुमची वाया जाऊ नये म्हणून हा लेख.

आधी थोडं गणित

लांब लेन्स वाघाला मोठं करते, तसंच आपल्या हाताच्या थरथरीलाही मोठं करते. किती? साध्या डीएसएलआरच्या सेन्सरवरचा एक पिक्सेल साधारण ४ मायक्रॉनचा धरा. त्याला ३०० मिलीमीटरने भागलं की एका पिक्सेलच्या वाट्याला येणारा कोन मिळतो. तो येतो एका अंशाचा साधारण १३०० वा भाग!

आता समजा कॅमेरा सेकंदाला फक्त १ अंश या वेगाने फिरतोय. घड्याळाचा सेकंदकाटा याच्या सहापट वेगाने फिरतो, म्हणजे हा वेग किती कमी ते बघा. तरीसुद्धा १/६० सेकंद शटर उघडं राहिलं, तर प्रत्येक ठिपका सुमारे २२ पिक्सेल फासला जातो. १/५०० ला दोन-तीन पिक्सेल आणि १/१००० ला जेमतेम एक. जुने फोटोग्राफर सांगतात की शटर स्पीड निदान "एक छेद फोकल लेंग्थ" इतका ठेवा, त्यामागे हेच गणित आहे. आपल्या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात ३०० ला दीडने गुणायचं, म्हणजे १/४५०, सोयीसाठी १/५०० म्हणा.

माझ्या फोटोचा शटर स्पीड होता १/६०. पहाटेचा उजेड कमी, आणि मी मनाशी म्हटलं, ट्रायपॉड आहे ना, मग काय चिंता!

ट्रायपॉडचं काय बिघडलं?

ट्रायपॉडचं काहीच बिघडलं नाही, जागा चुकली. तो जमिनीवर उभा राहण्यासाठी बनलेला असतो. ताडोब्याच्या जंगलात गाडीतून खाली उतरता येत नाही. त्यामुळे त्याचे तीन पाय जिप्सीच्या पत्र्यावर, सगळ्यांच्या पायांच्या आणि सॅकच्या गर्दीत कसेबसे रोवलेले.

आता इंजिन बघा. जिप्सीचं इंजिन चार सिलिंडरचं, फोर स्ट्रोक. आयडलिंगला ८०० आरपीएम धरा. दर फेरीला दोन पॉवर स्ट्रोक, म्हणजे मिनिटाला १६००, सेकंदाला सुमारे २७. एका कंपनाला लागतात ३७ मिलिसेकंद. १/६० म्हणजे १७ मिलिसेकंद, जवळजवळ अर्धं कंपन. थोडक्यात, शटर उघडं असताना माझा कॅमेरा कंपनाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन आरामात पोचत होता. ट्रायपॉड ताठ असल्यामुळे इंजिनची थरथर त्याने इमानदारीने वर पोचवली. नोकर प्रामाणिक होता, मालकीण अडाणी!

मग पर्याय काय?

मोनोपॉड: एकच पाय. लेन्सचं वजन पेलतो, वरखाली हालचाल कमी करतो, जागाही कमी घेतो. पण डावीउजवीकडे डोलतो, आणि गाडीत तोही पत्र्यावरच टेकणार. पायी फिरून पक्षी टिपायचे असतील तर मात्र छान.

गिम्बल हेड: ५००-६०० एमएमच्या जड लेन्ससाठी. लेन्स तिच्या गुरुत्वमध्याशी तोलून टांगली जाते, त्यामुळे बोटाने ढकलली तरी फिरते आणि सोडली की तिथेच थांबते. ट्रायपॉड आणि गिम्बल ही जोडी जमिनीवर एका जागी तासन्‌तास बसणाऱ्यांसाठी. आपल्यासारख्या पॉकेटमनीवाल्यांनी लांबूनच नमस्कार करावा.

क्लॅम्प: जिप्सीच्या दांड्याला घट्ट आवळायचा. इंजिन बंद असेल तर ठीक. चालू असेल तर ट्रायपॉडचीच गोष्ट पुन्हा.

बीनबॅग: धान्य भरलेली साधी पिशवी. दांड्यावर ठेवायची, वर लेन्स टेकवायची. दिसायला अगदीच गावठी, पण गाडीत हिच्यासारखं दुसरं काही नाही. पिशवी थरथरली की आतले दाणे एकमेकांवर घासतात, आणि कंपनाची ऊर्जा घर्षणात, म्हणजे उष्णतेत संपते. आपण सरांच्या लेक्चरला झोपेत ऐकलेलं डॅम्पिंग ते हेच! शिवाय लेन्सला एका बिंदूवर नव्हे तर चांगला वीतभर आधार मिळतो. कुठलाही स्क्रू आवळायचा नाही. वाघ डावीकडे निघाला की आपणही डावीकडे. जंगलात संधी दहा सेकंदांची असते, त्यातली आठ सेकंद ट्रायपॉडच्या खटक्यांशी झगडण्यात घालवायची का?

कृती

जुन्या जीन्सचा एक पाय घ्या, गुडघ्याखालचा साधारण ३५ सेंटीमीटरचा तुकडा. एक टोक दुहेरी शिलाईने बंद, दुसऱ्याला चेन. आत पातळ कापडाची वेगळी पिशवी, म्हणजे दाणे सांडणार नाहीत. भरायला तांदूळ किंवा राजमा, दोन-अडीच किलो. पिशवी पाऊणच भरायची. गच्च भरली तर फुटबॉलसारखी घरंगळते, फार कमी भरली तर लेन्स थेट लोखंडाला टेकते. थर्माकोलचे मणी हलके असतात, पण जड लेन्सखाली चेपतात. प्रवासात पिशवी रिकामी न्यायची आणि तिथल्या वाण्याकडून धान्य घ्यायचं. भिजू द्यायची नाही, आणि जंगलात एक दाणाही सांडायचा नाही. आपलं धान्य हा तिथल्या प्राण्यांचा खाऊ नव्हे.

गाडीत बसल्यावर

गाडी थांबली की ड्रायव्हरदादांना इंजिन बंद करायची विनंती करा. डावा हात लेन्सच्या वर ठेवून तिला पिशवीत हलकंसं दाबा. कॅमेऱ्याचा आयएसओ वाढवा, पण शटर १/५०० च्या खाली शक्यतो नेऊ नका. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही चालत. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन चालू ठेवा, मात्र ते आपल्या हालचालीची भरपाई करतं, वाघाच्या नाही. बटण दाबताना तीन-चार फोटोंची सलग मालिका घ्या, कारण पहिल्या फोटोत बोटाचा धक्का असतो. आणि सोबतच्यांना सांगा, दहा सेकंद हलू नका! स्प्रिंगवर उभी असलेली अख्खी जिप्सी एका माणसाने कूस बदलली तरी डोलते, आणि ते डोलणं कुठलीही बीनबॅग थांबवू शकत नाही.

आता एक कबुली, जी मी विंगमध्ये दिली नव्हती. त्या सकाळी स्क्रीनवर फोटो धूसर दिसल्यावर मला वाटलं, अंतर जास्त आहे. मी मागेच लागले, "दादा, थोडं पुढे घ्या ना, प्लीज!" प्राण्यापासून निदान २० मीटर लांब राहायचा नियम आहे, तो गाईडकाकांनी सांगितलाही. पण आम्ही सगळ्यांनीच गलका केला. शेवटी इंजिन सुरू झालं, गाडी जेमतेम दोन फूट हलली, आणि वाघीण उठली. एकदा आमच्याकडे बघितलं आणि बांबूत निघून गेली. एप्रिलच्या उन्हाळ्यात ती पाण्यात बसली होती, आणि तिला तिथून आम्ही उठवलं. मागच्या जिप्सीत एक आजी होत्या. त्यांना ती दिसलीच नाही.

दोष अंतराचा नव्हताच. दोष थरथरीचा होता, आणि ती दोन किलो तांदळाने थांबली असती. म्हणून मित्रांनो, फोटो नीट येत नसेल तर पुढे जाऊ नका. आधी स्थिर व्हा.

दुसऱ्या खेपेला मला वाघ दिसला नाही. पण चाळीस मीटरवर रस्त्याकडेला एक रानकुत्रा बसला होता. जीन्सच्या पिशवीवर लेन्स टेकवून, इंजिन बंद करून घेतलेल्या त्या फोटोत त्याच्या मिशा मोजता येतात. तो उठला नाही, आम्हीच आधी निघालो.

परत आल्यावर त्या तांदळाची खिचडी झाली. कुठे आणि कशावर शिजवली, ते रेक्टर मॅडमनी कृपया विचारू नये!