मुलांचा सांभाळ आणि आयकर

आईवडील आयकराचे विवरणपत्र भरावयास बसले म्हणजे शाळेच्या पावत्या शोधण्याची घरात एकच धांदल उडते. मात्र धाकट्या भावंडास सांभाळणाऱ्या बाईंच्या पगाराची पावती कोणी शोधीत नाही. असे का व्हावे?

घरातील मुले पाहून कर आकारावा, ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी १९५५ च्या अंदाजपत्रकात विवाहितांची करमुक्त मर्यादा २००० रुपये केली व अविवाहितांची १००० वर आणली. पुढे दोन-तीन वर्षांतच मुलांचीही मोजदाद होऊ लागली. विवाहितास मूल नसल्यास ३०००, एक असल्यास ३३०० व अधिक असल्यास ३६०० रुपयांपर्यंत कर नसे. तिसऱ्या मुलापासून सरकारचा हात आखडलेला होता, हे खरे. परंतु मूल आहे त्याअर्थी खर्च आहे, एवढे मानले जाई. पावती लागत नसे.

पुढे पावती आली. १९६१ च्या कायद्यातील ८०-सी हे कलम २०२५ च्या नव्या कायद्यात १२३ वे झाले आहे. त्यान्वये दोन मुलांच्या शिक्षण शुल्काची वजावट मिळते. पण विमा, भविष्य निर्वाह निधी इत्यादी सर्व मिळून दीड लाखापर्यंतच, आणि तीही जुनी करपद्धती पत्करणाऱ्यासच. देणगी, विकास निधी, बसभाडे, खाजगी शिकवणी यांस तेथे थारा नाही. नवल असे की, शिशुवर्गच नव्हे तर त्याआधीचा खेळवर्गही ‘पूर्णवेळ शिक्षणा’त गणला जातो!

आता धामनोदमधील एक जोडपे कल्पू. दोघेही नोकरीस, आजी दूर जळगावास. चार वर्षांच्या मुलीच्या शिशुवर्गाचे २४,००० रुपये भरले. पैकी शिक्षण शुल्क १८,००० व विकास निधी ६,०००. वीस टक्के कर भरणाऱ्या वडिलांचे १८,००० वरील ३,६०० रुपये व त्यावरील उपकराचे १४४, असे ३,७४४ रुपये वाचले. दीड वर्षाच्या मुलास सांभाळणाऱ्या बाईंना दरमहा ४,००० प्रमाणे वर्षाचे ४८,००० दिले. त्यांवर एक पैही सुटत नाही. वस्तुतः त्या बाई आल्या नाहीत, तर आईची नोकरीच बंद पडावयाची. आणि तिच्या पगारावर तर सरकार कर घेते.

कॅनडाने हा धागा ओळखला. तेथे १९७२ पासून सांभाळाच्या खर्चाची वजावट आहे. टोरांटोतील मराठी जोडपे सात वर्षांखालील मुलामागे ८,००० डॉलरपर्यंत ती मागू शकते, आणि सामान्यतः ज्याचे उत्पन्न कमी त्यानेच ती मागावयाची असते. कमावण्यासाठी करावा लागणारा खर्च, असे तेथील कायदा त्यास मानतो. माझ्या मते हीच दृष्टी अधिक न्याय्य होय.

आपल्याकडे तशी तरतूद होईतो पालकांनी निदान एवढे करावे : पावतीवर शिक्षण शुल्काचा आकडा स्वतंत्र लिहून घ्यावा, आणि ज्याने पैसे भरले त्यानेच वजावट मागावी.