पाणबुड्याचें सावकाश वर येणें

आम्ही वर्गांत सोड्याची बाटली एकदम उघडतों, तेव्हां बुडबुडे उसळतात. खोल पाण्यांत दाबाखालील हवा घेणाऱ्या पाणबुड्याच्या शरीरांतही असेंच घडूं शकतें. दर १० मीटर खोलीस सुमारें एका वातावरणाइतका दाब वाढतो व हवेंतील नत्रवायु रक्तांत व मेदांत विरघळतो. पाणबुड्या घाईनें वर आल्यास त्याचे बुडबुडे होऊन सांधे ठणकतात, अंग लुळें पडतें, प्रसंगीं प्राणही जातो. इंग्लंडांत जॉन स्कॉट हॉल्डेन यांनीं बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ सालीं दाखविलें कीं, टप्प्याटप्प्यानें थांबत वर आल्यास हा वायु श्वासावाटे निघून जातो. त्यांच्या कोष्टकांत पुढें सुधारणा झाल्या; टप्प्यांचें तत्त्व आजही पाळतात. वरचा उजेड दिसत असतां थांबणें कठीण. परंतु तें थांबणेंच जीव राखतें.