विवाह अधिकाऱ्याची श्रद्धा आणि त्याची सही

प्रश्न : अमेरिकेत एका सरकारी बाईंनी धर्माचं कारण सांगून समलिंगी जोडप्याला लग्नाचा परवाना नाकारला आणि त्या तुरुंगात गेल्या, असं वाचलं. उद्या आपल्याकडे असे विवाह कायदेशीर झाले आणि नगरच्या विवाह अधिकाऱ्याने ‘माझ्या धर्मात हे बसत नाही’ म्हणून सही केली नाही, तर?
— एक वाचक, राहुरी

उत्तर : तुम्ही वाचलंत ते खरं आहे. किम डेव्हिस या केंटकी राज्यातल्या रोवन काउंटीच्या निवडून आलेल्या क्लर्क होत्या. २६ जून २०१५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला देशभर मान्यता दिली, तेव्हा त्यांनी सगळ्यांनाच परवाने देणं थांबवलं. म्हणजे ज्यांच्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती अशी स्त्री-पुरुष जोडपीही रिकाम्या हाताने परतली. न्यायालयाचा आदेश मोडल्याबद्दल त्यांना पाच दिवस कोठडीत काढावे लागले. त्या काळात त्यांच्याच हाताखालच्या कर्मचाऱ्यांनी परवाने दिले. त्यांचं शेवटचं अपील ऐकायला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५मध्ये नकार दिला.

आता आपल्याकडे. नगरमध्ये आज दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया विवाह अधिकाऱ्यासमोर गेल्या तर नकारच मिळेल, पण तो अधिकाऱ्याच्या धर्मामुळे नव्हे. १९५४चा विशेष विवाह कायदा वराचं वय २१ आणि वधूचं १८ धरून चालतो. त्यात समलिंगी जोडपी बसवायला सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३च्या सुप्रियो खटल्यात नकार दिला आणि तो विषय संसदेवर सोडला. जानेवारी २०२५मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. हा निकाल मला निराश करणारा वाटला आणि अजूनही वाटतो.

पण त्याच निकालातली एक गोष्ट आपल्याकडे फारशी पोचलेली नाही. तृतीयपंथी व्यक्तीचं नातं स्त्री-पुरुष असं असेल, म्हणजे तृतीयपंथी स्त्री आणि पुरुष, किंवा तृतीयपंथी पुरुष आणि स्त्री, तर त्यांना सध्याच्या कायद्यांखाली लग्न करता येतं, असं पाचही न्यायमूर्तींनी मान्य केलं. त्यामुळे तुमचा प्रश्न उद्यापुरता राहत नाही. असं जोडपं अर्ज घेऊन आलं आणि अधिकाऱ्याने देवधर्म मध्ये आणला, तर तो आजच कायद्याबाहेर जातो.

कारण या कायद्यात अधिकाऱ्याच्या श्रद्धेला जागाच ठेवलेली नाही. नोटीस लावायची, तीस दिवस थांबायचं, हरकत आली तर ती कलम ४च्या अटींवर तपासायची. कुणाचा जोडीदार हयात आहे का, वय भरलंय का, संमती देण्याइतकं भान आहे का, निषिद्ध नातं तर नाही ना, एवढंच. हरकतदाराला जे कारण चालत नाही, ते अधिकाऱ्याला कसं चालेल? आणि लग्न लावणं म्हणजे तरी काय? अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचं सांगायचं. मंत्र नाहीत, निकाह नाही, आशीर्वादही नाही. सही करताना अधिकारी त्या लग्नाला पुण्य म्हणत नाही. कायद्याच्या अटी पूर्ण झाल्या, इतकंच सांगतो.

भटजी, काझी, पाद्री यांची गोष्ट निराळी. एखादं लग्न आपल्या धर्मात बसत नाही म्हणून ते लावायचं नाही, हा त्यांचा अधिकार आहे आणि तो राहिला पाहिजे. राज्यघटनेच्या कलम २५ने दिलेलं धर्मस्वातंत्र्य विवाह अधिकाऱ्यालाही आहेच. पण ते कलम स्वतःच मूलभूत हक्कांच्या इतर तरतुदींना अधीन आहे, आणि त्यात समानता येते.

नगर जिल्ह्याने हा धडा शिंगणापूरला पाहिलाय. शनीच्या चौथऱ्यावर जायला निघालेल्या महिलांना २६ जानेवारी २०१६ला सुप्यातच अडवलं गेलं. विद्या बाळ आणि अ‍ॅड. नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर १ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला बजावलं, की १९५६चा मंदिरप्रवेशाचा कायदा पाळा आणि जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षकांना तशा सूचना द्या. त्या अधिकाऱ्यांची शनीवर श्रद्धा होती की नव्हती, याचा तिथे संबंधच नव्हता. ८ एप्रिलला, गुढीपाडव्याला, चौथरा सर्वांना खुला झाला.

मधला मार्ग काढता येतो का? दक्षिण आफ्रिकेने काढून पाहिला. २००६च्या त्यांच्या कायद्यात सरकारी विवाह अधिकाऱ्याला लेखी आक्षेप नोंदवून बाजूला होता येई. परिणाम असा, की कित्येक कार्यालयांत अशा जोडप्यांचं लग्न लावायला कुणी उरेना. २०२०मध्ये ती सवलत रद्द झाली. लंडनच्या इस्लिंग्टनमधल्या निबंधक लिलियन लडेल यांनी तर अशीच सवलत मागितली होती. युरोपीय मानवाधिकार न्यायालयात २०१३मध्ये त्याही हरल्या. जिथे एकच कार्यालय असतं तिथे अधिकाऱ्याची सवलत म्हणजे जोडप्याला बंद दार. म्हणून मी या सवलतीच्या विरोधात आहे.

तेव्हा उत्तर असं, की संसदेने कायदा केला तर नगरच्या अधिकाऱ्याला सही करावीच लागेल. तोवर, कायद्यात बसणाऱ्या कुणाही जोडप्याला तोंडी ‘होणार नाही’ असं ऐकवलं गेलं, तर तिथून उठू नका. नकार कारणासह लेखी मागा. हरकत मान्य करून लग्न नाकारलं असेल, तर तीस दिवसांच्या आत जिल्हा न्यायालयात अपील करता येतं.