आश्रयापासून घरापर्यंत : भटक्या कुत्र्याचा प्रश्न आणि गावाची जबाबदारी

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे परमपवित्र स्थान होय. श्रीगोविंदप्रभूंचे वास्तव्य याच गावी झाले आणि मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानल्या जाणाऱ्या लीळाचरित्राचे संकलन म्हाइंभटांनी तेराव्या शतकात याच भूमीत केले. आज मराठी भाषा विद्यापीठही येथेच आहे. श्रीचक्रधरांच्या लीळांत एका सशाची कथा सर्वपरिचित आहे. शिकाऱ्यांनी पाठलाग केलेला एक ससा जीवाच्या आकांताने धावत येऊन स्वामींच्या मांडीखाली दडला. शरण आलेला जीव परत देण्याचे स्वामींनी नाकारले, शिकाऱ्यांना हिंसेपासून परावृत्त केले आणि भय सरल्यावर सशाला मोकळे केले.

या कथेतील शरणागताचे रक्षण सर्वांच्या ध्यानात राहते. तिचा शेवट मात्र तितक्या बारकाईने पाहिला जात नाही. ससा कायमचा मांडीखाली राहिला नाही. संकट टळेपर्यंतच तो तेथे होता. आश्रय हा संकटकाळापुरता विसावा असतो. ते आयुष्यभराचे ठिकाण नव्हे. भटक्या कुत्र्यांसाठी आश्रयगृहे उभारण्याचा विचार आज गावोगावी होत आहे. अशा वेळी अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी हा भेद नीट लक्षात घेणे अगत्याचे आहे.

प्रश्नाचे स्वरूप

2019 साली झालेल्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे 1 कोटी 53 लाख भटकी कुत्री होती. त्यांपैकी सुमारे 12 लाख 76 हजार महाराष्ट्रात होती. या प्रश्नाची एक बाजू माणसाच्या जीविताची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार रेबीज म्हणजे पिसाळरोगाने जगात दरवर्षी सुमारे 59 हजार माणसे दगावतात आणि माणसाला होणाऱ्या या रोगाच्या शंभरांपैकी नव्याण्णव प्रकरणांचे मूळ कुत्र्याच्या चाव्यात असते. लक्षणे दिसू लागल्यानंतर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य. बळी पडणाऱ्यांत लहान मुलांचे प्रमाण मोठे आहे. खेळताना झालेला ओरखडा मूल घरी सांगत नाही आणि घरच्यांना कळते तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

दुसरी बाजू कुत्र्याची. मोकाट म्हणून पकडून आणलेला एखादा गावठी कुत्रा डोळ्यांसमोर आणावा. शस्त्रक्रिया झाली, लस टोचली, जखम भरली. आता त्याला कोणताही रोग नाही. पण त्याला नेणारा कोणी नाही. पिंजऱ्याच्या दाराशी पावले वाजली की तो उठून उभा राहतो, शेपटी हलवतो; माणूस पुढे गेला की पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसतो. महिने लोटतात. काही कुत्री एकसारख्या येरझाऱ्या घालू लागतात, काही खाणे टाकतात, तर काही माणसाला पाहून गुरगुरू लागतात. एके काळी गरीब असलेला प्राणी कोंडवाड्यात राहून चिडका होतो आणि मग चिडका म्हणूनच त्याला कोणी घेत नाही.

या दोन बाजू परस्परविरोधी आहेत अशी समजूत रूढ आहे. मुलांची काळजी करणारे एका बाजूस आणि प्राण्यांवर दया करणारे दुसऱ्या बाजूस, असे चित्र ग्रामसभेतही दिसते. वस्तुतः लसीकरण, निर्बीजीकरण आणि जबाबदार पालक या तीन गोष्टी मुलाचेही रक्षण करतात व कुत्र्याचेही.

मारण्यापासून नियमनाकडे

केवळ मारून किंवा हाकलून हा प्रश्न सुटत नाही, हा धडा मुंबईने फार पूर्वी घेतला. 1832 साली तेथे भटकी कुत्री मारण्याच्या मोहिमेवरून पारशी समाजात क्षोभ उसळला आणि शहरात दंगल झाली. पुढेही दीर्घकाळ कुत्री मारली जात राहिली. परंतु त्यांची संख्या आटोक्यात आली नाही. याचे कारण सरळ आहे. उकिरडा आणि उरलेले अन्न जोवर तेथेच आहे, तोवर रिकाम्या झालेल्या जागी शेजारच्या वस्तीतील कुत्री येतात. कुत्रीचा गर्भकाळ अवघा सुमारे 63 दिवसांचा असून ती वर्षातून दोनदा विऊ शकते. त्यामुळे गेलेली संख्या लवकरच भरून निघते.

1960 साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा झाला. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीवमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. 2001 साली कुत्र्यांच्या प्रजनन नियंत्रणाचे नियम आले आणि त्यांच्या जागी 2023 चे नवे नियम लागू झाले. पकडलेल्या कुत्र्याचे निर्बीजीकरण व लसीकरण करून त्याला मूळ जागी सोडावे, असे या नियमांचे सूत्र आहे. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण केलेली असते. ती पाहून कोणालाही तो ओळखता येतो.

2025 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे या विषयाला नवे वळण लागले. 22 ऑगस्टच्या आदेशाने, पिसाळलेली अथवा आक्रमक कुत्री वगळता इतरांना लस व शस्त्रक्रियेनंतर मूळ जागी सोडण्याचे तत्त्व कायम ठेवले. इच्छुक नागरिकांना कुत्री दत्तक घेण्यासाठी अर्ज करण्याची मुभा दिली. मात्र दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारीही त्यांच्यावर टाकली. 7 नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्री हलवून, निर्बीजीकरण व लसीकरणानंतर आश्रयगृहांत ठेवावीत आणि पुन्हा त्याच आवारात सोडू नयेत, असे सांगितले. या आवारांची तीन महिन्यांतून किमान एकदा तपासणी करण्याचे काम स्थानिक संस्थांबरोबर पंचायतींकडेही आले.

आश्रयगृहाचे गणित

येथेच दत्तकाचे महत्त्व स्पष्ट होते. समजा, एखाद्या आश्रयगृहात 100 कुत्र्यांची सोय आहे. दरमहा 10 कुत्री आत येतात आणि 4 दत्तक जातात. म्हणजे दरमहा 6 कुत्र्यांची भर पडते आणि सतराव्या महिन्यात ते आश्रयगृह पूर्ण भरते. त्यानंतर एक तर दार बंद करावे लागते किंवा एका जागेत दोन कुत्री कोंबावी लागतात. गर्दी झाली की भांडणे, जखमा आणि रोगांच्या साथी ओघानेच येतात. याउलट, दरमहा 10 कुत्री दत्तक जाऊ लागली, तर तीच इमारत वर्षानुवर्षे पुरते. आश्रयगृहाची खरी क्षमता त्यातून बाहेर पडणाऱ्या वाटेवर अवलंबून असते. भिंती वाढवून ती वाढत नाही.

म्हणून इमारतीच्या अंदाजपत्रकाबरोबरच, ही कुत्री कोणाच्या घरी जाणार याचाही विचार पहिल्याच बैठकीत व्हावयास हवा.

भाकरी आणि जबाबदारी

महाराष्ट्राच्या लोकमानसात कुत्र्याला परके स्थान नाही. दत्तात्रेयाच्या पायाशी चार श्वान आहेत, खंडोबाच्या सोबत कुत्रा आहे. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज घराघरांत ठाऊक आहेत. वऱ्हाडच्याच मातीतील गाडगेबाबांनी मुक्या प्राण्यांना अभय देण्याची शिकवण गावोगाव दिली. वऱ्हाडी शेतकरी पोळ्याला बैलापुढे हात जोडतो, तेव्हा जनावराचे ऋण मानण्याची हीच वृत्ती दिसते.

परंतु या दयेचे रोजच्या व्यवहारातील रूप पुष्कळदा अपुरे असते. संध्याकाळी दाराबाहेर शिळी भाकरी टाकली जाते. ती खाणारी कुत्री कोणाची, या प्रश्नाला उत्तर नसते. ती व्याली की पिले गावाची. ती चावली की दोष ग्रामपंचायतीचा. भाकरी टाकणारे हात अनेक असतात, लस टोचून आणणारा हात एकही नसतो. दत्तक घेणे म्हणजे या अनेक हातांच्या जागी एक नाव लिहिणे होय. दत्तक मुलाप्रमाणेच येथेही हक्कापेक्षा कर्तव्याचा भाग मोठा आहे.

दत्तक कोणी व कसे घ्यावे

भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने 2022 साली भटक्या प्राण्यांच्या दत्तकविधानाविषयी कार्यपद्धती प्रसृत केली. गावपातळीवर त्यासाठी मोठ्या यंत्रणेची गरज नाही. दत्तक देण्यापूर्वी कुत्र्याची पशुवैद्यकाकडून तपासणी व्हावी, त्याला जंतनाशक औषध व रेबीजची लस दिलेली असावी आणि वय योग्य असल्यास निर्बीजीकरण झालेले असावे. पिलाला रेबीजची लस साधारणतः तीन महिन्यांच्या वयात देतात व पुढे दरवर्षी ती द्यावी लागते. कुटुंबातील सर्वांची संमती आहे काय, घरी कोणी नसताना कुत्र्याकडे कोण पाहणार, हे आधीच विचारून घ्यावे. कुत्रा सुमारे दहा ते पंधरा वर्षे जगतो. तेव्हा हा एका हंगामाचा व्यवहार नव्हे.

पिलाला मागणी असते आणि मोठा कुत्रा मागे राहतो, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. वास्तविक मोठ्या कुत्र्याचा स्वभाव घेण्यापूर्वीच कळतो. गावठी कुत्रा येथील उन्हाळ्याला सरावलेला असतो आणि साध्या अन्नावर राहतो. मोर्शी-वरुड भागातील संत्रा बागांना राखणीची गरज असतेच. अशा बागेवर लस टोचलेला, निर्बीजीकरण झालेला कुत्रा उपयोगी पडेल; मात्र रात्री तो मोकाट सुटून रानातील प्राण्यांच्या मागे लागणार नाही, त्याला सावली व पाणी मिळेल आणि तो दिवसभर आखूड साखळीला बांधलेला राहणार नाही, याची खात्री करावी.

नव्या घरातील पहिले काही दिवस कठीण असतात. कुत्रा दडून बसतो, खात नाही. त्याच्या मागे लागू नये. जेवणाची वेळ व जागा ठरावीक ठेवावी. मुलांनी त्याला खाताना वा झोपेत छेडू नये. दत्तक दिल्यानंतर महिन्याने व पुढे सहा महिन्यांनी कोणीतरी जाऊन पाहणे आवश्यक आहे. जमत नसेल, तर कुत्रा रस्त्यावर सोडण्याऐवजी आश्रयगृहात परत आणण्याची मोकळीक पालकाला असावी.

पंचायत व शाळा यांचे कार्य

ग्रामपंचायतीने एक नोंदवही ठेवावी. कुत्र्याचे वर्णन, लसीची तारीख, शस्त्रक्रियेची नोंद आणि पालकाचे नाव एवढे चारच रकाने पुरेत. नोंदवही प्रत्येक ग्रामसभेत वाचली जावी. गावातील किमान 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली, तर रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे 40 कुत्री असलेल्या गावात 28 कुत्र्यांचे लसीकरण साधले, तर मोठा पल्ला गाठला गेला. हे उद्दिष्ट आवाक्याबाहेरचे नाही. पशुवैद्यकीय दवाखाना जवळ आहेच. तज्ज्ञ मार्गदर्शनासाठी अकोला येथे स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. उकिरडे व मांसविक्रीचा टाकाऊ भाग यांची व्यवस्था लावल्याखेरीज मात्र कोणताही उपाय टिकणार नाही.

शिक्षकांचे कार्य याहून मोलाचे आहे. कुत्रा चावला वा त्याचा ओरखडा उठला, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, तिच्यावर चुना, तिखट किंवा हळद भरू नये, आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी. लसीच्या सर्व मात्रा पुऱ्या कराव्यात, हे प्रत्येक मुलाला तोंडपाठ हवे. घरी सांगितल्यास रागावणार नाहीत, असा विश्वासही मुलांना द्यावयास हवा. कुत्र्याला दगड मारू नये, अनोळखी कुत्रा जवळ आल्यास पळू नये, हात खाली ठेवून स्तब्ध उभे राहावे, हेही शाळेतच शिकविता येते.

शेजारच्या भूतान देशाने अनेक वर्षे चिकाटीने काम करून 2023 साली भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण पूर्ण केल्याचे जाहीर केले. रेबीजमुळे होणारे मृत्यू 2030 पर्यंत थांबविण्याचे उद्दिष्ट भारतानेही 2021 साली स्वीकारले आहे. त्याची पूर्तता राजधानीच्या ठरावापेक्षा गावाच्या नोंदवहीवर अधिक अवलंबून राहील.

शरण आलेल्या सशाला रानात परतण्याची वाट होती. पिंजऱ्यात वाट पाहणाऱ्या कुत्र्याला परत जाण्यासाठी रान नाही. हजारो वर्षांपूर्वीच तो माणसाच्या सोबतीला आला. त्याची वाट एखाद्या घराच्या दारापर्यंतच जाते. ते दार कोणाचे, हे आश्रयगृह ठरवू शकत नाही. ते गावाने ठरवावयाचे आहे. नोंदवहीच्या चौथ्या रकान्यात एक नाव लिहिले गेले, की एक पिंजरा रिकामा होतो आणि शाळेच्या वाटेवरील एक भय कमी होते.