एक टीबीचे ९३१ जीबी, आणि पैसे नेमके कुठे घालायचे

नवी एक टीबीची हार्ड डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसली की माणूस आधी दुकानदारावर संशय घेतो. तो बिचारा निर्दोष असतो. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या, आणि नाव मात्र दोघेही ‘जीबी’च लावतात. त्याच हिशेबाने ५०० जीबीचे ४६५ होतात. मॅकमध्ये २००९ पासून हजाराचा हिशेब आहे, म्हणून तीच डिस्क तिथे भरभक्कम एक टीबी दिसते. ‘हरवलेली जागा काढून देतो’ म्हणणाऱ्याला दमडी देऊ नका.

आकडा याहून बराच कमी असेल, तर डिस्कच्या शेवटी लपवलेला भाग असू शकतो. लिनक्सवर ‘एचडीपार्म’ तो फुकटात दाखवतो.

खरी गंमत खराब सेक्टरची. प्रत्येक डिस्कमध्ये मोजणीत न धरलेले राखीव सेक्टर असतात. एखादा सेक्टर बिघडला की डिस्क गुपचूप त्याच्या जागी राखीव सेक्टर लावते, त्यामुळे क्षमता घटलेली कधीच दिसत नाही. हे गुपित ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडं पडतं. ०५ च्या ओळीत बदललेले सेक्टर दिसतात, सी५ मध्ये वाचता न येणारे, अजून निकाल न लागलेले. आकडे मुळात सोळाच्या पायावर (हेक्साडेसिमल) लिहिलेले असतात. तिथे १० लिहिलं असेल तर ते १६ समजायचे.

लॅमिंग्टन रोडवरून घेतलेल्या माझ्या जुन्या डिस्कवर सी५ समोर ८ होते. आजच्या डिस्कमध्ये आतला एक सेक्टर ४०९६ बाइटचा, पण बाहेर तो ५१२ चे आठ म्हणून मोजला जातो. म्हणजे बिघाड बहुधा एकाच जागी. तरी मी त्याच रात्री सगळं दुसरीकडे उतरवलं. जुनी डिस्क घेताना चालू तासही बघा: २६,००० तास म्हणजे जवळजवळ तीन वर्षं अखंड.

‘बॅड सेक्टर काढून देतो’ याचे पैसे म्हणजे बहुतेक वेळा पूर्ण फॉरमॅटचे पैसे. ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढून ते घरीच होतं, एक टीबीला दोन-तीन तास लागतात आणि डेटा जातो. त्याआधी कॉपी हवीच. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, डेटा नाही. डिस्क उघडावी लागली तर धूळमुक्त खोलीतल्या कामाचं बिल नव्या डिस्कच्या कितीतरी पट होतं. म्हणून डेटा निघाला नाही तर किती द्यायचे, हे डिस्क हातात देण्याआधी लिहून घ्या.