आधी कुटुंबाचं विचारा, मग फी भरा

परदेशी शिक्षणाचे सल्लागार अडचणीत आले की एकच उत्तर देतात: नियम बदलले, आमच्या हातात काय? लेकीला ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा मिळाला; जावई आणि नातीला मात्र आश्रित म्हणून व्हिसा मिळण्यासारखाच नव्हता. आम्हालाही तेव्हा हेच ऐकवलं गेलं. ते धादांत खोटं आहे. विद्यार्थ्यांनी कुटुंब आणण्यावरची बंदी ब्रिटिश सरकारने २३ मे २०२३ ला जाहीर केली आणि ती लागू झाली १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांना. मध्ये सात महिने होते. पीएचडीसारख्या संशोधनाच्या पदव्या आणि सरकारी शिष्यवृत्ती यांना सूट राहिली, साध्या एमएस्सी-एमबीएला नाही. म्हणजे सप्टेंबर २०२३ च्या तुकडीला नवरा आणि मूल नेता येत होतं, जानेवारीच्या तुकडीला नाही. मग विद्यापीठ आणि फी तीच का असेना. त्या दिवसांत ‘सप्टेंबरची घाई कशाला, जानेवारीत सगळे मिळून जा’ असं ज्याने सांगितलं, त्याने एकतर नियम वाचला नव्हता किंवा वाचून दडवला होता. त्याने घेतलेले पैसे सल्ल्याचे म्हणता येत नाहीत.

‘वर्षभर एकटीला जाऊ द्या, मग ती बोलावून घेईल’ हे आश्वासन तर त्याहून घातक. शिक्षणानंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावर नव्याने जोडीदार नेता येत नाही. आधीपासून आश्रित म्हणून तिथे असलेल्यालाच मुदत वाढवून मिळते. भेटीचा व्हिसा एका वेळी सहा महिन्यांपर्यंतचा, त्यावर नोकरी करता येत नाही. उरला स्किल्ड वर्कर व्हिसा. त्याची पगाराची सर्वसाधारण अट एप्रिल २०२४ मध्ये वर्षाला २६,२०० पौंडांवरून ३८,७०० वर गेली, जुलै २०२५ मध्ये ४१,७०० वर. नुकतंच शिक्षण संपवलेल्यांना ती थोडी कमी आहे, पण तेवढा पगार देणारी कंपनी आधी मिळायला हवी. वृद्धांच्या सेवेची नोकरी हा सोपा रस्ता म्हणून दाखवला जाई. पण नव्याने त्या नोकरीच्या व्हिसावर जाणाऱ्यांना कुटुंब नेणं ११ मार्च २०२४ पासून बंद झालं. वर आरोग्य अधिभार: स्किल्ड वर्कर व्हिसावर मोठ्या माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड, मुलामागे ७७६. नवरा-बायको आणि एक मूल, तीन वर्षं: ८,५३८ पौंड, तेही अर्जासोबत एकरकमी. हा हिशोब मांडून दाखवायला सल्लागाराला पाच मिनिटं लागली नसती.

यावर काही जण म्हणतात, कोकणातली, साताऱ्याकडची माणसं घरदार मागे ठेवून आखातात राहिलीच ना? राहिली. पण एकट्यानेच जायचंय हे माहीत असून ती गेली, आणि घरानेही तशी तयारी केली होती. आमची तक्रार ताटातुटीची नाही. जावयाने नोकरी सोडायची की नाही, नातीची शाळा बदलायची की नाही, हे निर्णय चुकीच्या माहितीवर घ्यायला लावले, याची आहे. आधी कळलं असतं तर लेकीने दुसरा देश निवडला असता किंवा गेलीच नसती; तो निर्णय आमचा असता.

मार्केट यार्डात शेतकऱ्याने दहा पिशव्या कांदा विकला तरी त्याला पट्टी मिळते: वजन, भाव, हमाली, तोलाई, हातात किती. लाखांत पैसे घेणारा सल्लागार मात्र सगळं तोंडी सांगतो. त्याच्याकडूनही कागद मागा. त्यावर व्हिसाचा नेमका प्रकार, अभ्यासक्रम सुरू होण्याची तारीख, आणि त्या तारखेला जोडीदार व मुलं पात्र आहेत की नाहीत, हे सहीनिशी हवं. नंतर तेच ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा. लग्नपत्रिका आणि फोटोंवर विसंबू नका, नोंदणीचा दाखला काढून ठेवा. पासपोर्ट, विवाहाचा दाखला आणि मुलाचा जन्मदाखला यांतली नावं एकसारखी आहेत का, तेही आजच पाहा. पावत्या जपा, कोणावरही आंधळा विश्वास ठेवू नका. पैसे देऊन फसला असाल तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं, पण तिथेही तोंडी शब्दापेक्षा कागदच उपयोगी पडतो. आणि कुटुंबाबद्दल लेखी द्यायला जो सल्लागार टाळाटाळ करतो, त्याच्याकडे एक रुपयाही न भरता उठून या.