एम.ए.ला निघालेल्या भाचीसाठी

बाय, आधी नावाचं बघून घे. आपल्याकडची पोरं प्रवेश परीक्षेत अडकत नाहीत इतकी नावात अडकतात. दहावीच्या सर्टिफिकेटावर डिमेलो सलग, आधारवर डी सुटा नि त्याच्यापुढे वरच्या अंगाला ती अपॉस्ट्रॉफीची शेंडी, पदवीच्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि आईचं नाव शेवटी, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर आणखी तिसरंच. ऑनलाइन फॉर्मला ती शेंडी पुष्कळदा चालत नाही. मग तू काहीतरी टाकतेस, ते आधारशी जुळत नाही आणि जूनमध्ये कागदपत्रं तपासताना टेबलापलीकडचा माणूस म्हणतो, प्रतिज्ञापत्र आणा. दहावीच्या सर्टिफिकेटावर नाव जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर, सगळीकडे यायला हवं. आधार त्याप्रमाणे आत्ताच दुरुस्त करून घे.

दाखल्यांचंही तेच. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा, अर्ज ‘आपले सरकार’वरून. ओबीसी किंवा ईडब्ल्यूएस लागू होत असेल तर केंद्राचा नमुना वेगळा असतो. कलिन्याला, म्हणजे मुंबई विद्यापीठात, राज्याचा दाखला चालेल, दिल्लीला केंद्राचाच मागतील आणि तोही चालू आर्थिक वर्षाचा. मार्चमध्ये हौसेने काढून ठेवलेला जूनमध्ये शिळा होतो. मुंबई विद्यापीठ सोडून बाहेर जाणार असशील तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. निकाल लागला की त्याच आठवड्यात अर्ज टाक, कारण तेव्हा सगळ्यांनाच ते हवं असतं.

आता जायचं कुठे. तुझी आई म्हणते, जवळचं बघ. जवळचं काही कमी प्रतीचं नाही. मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग १९२१ चा, सी. एन. वकील, दांतवाला, लकडावाला, ब्रह्मानंद ही माणसं तिथलीच. १९५६ साली वकील आणि ब्रह्मानंद यांनी दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या अवजड उद्योगांच्या हट्टाला तोंडावर विरोध केला होता. आधी मजुराच्या रोजच्या गरजेच्या वस्तू वाढवा, असं त्यांचं म्हणणं. आज त्या विभागाचं नाव मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी. गोरेगावला फिल्म सिटीच्या रस्त्यावर इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे, रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये काढलेली. तिथे एम.एस्सी. मिळते, जागा मोजक्या, गणित कडक. पुण्याची गोखले संस्था १९३० ची. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. दिल्ली स्कूलला आणि जेएनयूला सीयूईटी-पीजीमधून जायचं. आयआयटीवाल्यांनी जॅम परीक्षेत २०२१ पासून अर्थशास्त्राचा पेपर घातलाय. आणि आयएसआय, म्हणजे भारतीय सांख्यिकी संस्था. तिचा एम.एस. इन क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स हा सगळ्यात अवघड दरवाजा. एक पेपर गणिताचा, दुसरा अर्थशास्त्राचा, आणि दुसऱ्यातही गणितच.

सगळीकडे फॉर्म भरू नकोस. फीमध्ये पैसे जातात आणि परीक्षा एकमेकींच्या अंगावर येतात. एक झेपेल की नाही अशी, दोन झेपतील अशा आणि कलिना, एवढं पुरे. तारखा दरवर्षी पुढेमागे होतात. नाताळचा गोठा काढायला घेतलास की दर शनिवारी प्रत्येक संस्थेचं संकेतस्थळ उघडून बघायचं. व्हॉट्सअॅपवर आलेल्या तारखेवर विसंबू नकोस.

घरची अडचण निघाली आणि नोकरी धरावी लागली तर मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण आहे, इग्नू आहे. तिथूनही एम.ए. होतं. त्याला नाक मुरडणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस, पण स्वतःला कोंडून अभ्यास करायची सवय नसेल तर ती वाट फार लांबते, हेही ध्यानात ठेव.

गणिताबद्दल मी जास्त बोलणार आहे, कारण तू ते टाळतेस हे मला माहीत आहे. बी.ए.ला आपल्याकडे आकृत्या काढून निभतं. मागणी खाली येते, पुरवठा वर जातो, छेद मिळाला की झालं. एम.ए.ला कुणी आकृती विचारत नाही. हे घे, आत्ता वहीत कर: शंभर रुपये आहेत, एक वस्तू पाच रुपयांची, दुसरी दहाची, आणि समाधान म्हणजे दोन्हींच्या नगांचा गुणाकार. कशाचे किती नग घेशील? अवकलन करून आलं पाहिजे, पहिलीचे दहा आणि दुसरीचे पाच, म्हणजे दोन्हीकडे पन्नास-पन्नास रुपये. आता पहिलीची किंमत दुप्पट कर. नग निम्मे होतात, खर्च मात्र पन्नासच राहतो. इथवर कुणीही येतं. पुढचा प्रश्न असा, की कांदा दुप्पट झाला तर आपल्या वसईच्या पापडीतली कुठली बाई कांद्यावरचा खर्च तेवढाच ठेवते? ती ठेवत नसेल तर गुणाकाराचं ते गृहीतक कुठे चुकलं? एवढं दोन ओळींत मांडता आलं की तू प्रवेश परीक्षेला तयार आहेस असं मी समजेन.

पुस्तकं दोनच सांगते. गणिताला च्यांग, सूक्ष्म अर्थशास्त्राला व्हेरियनचं पदवीचं पुस्तक. वाचायची नाहीत, त्यातली गणितं सोडवायची. आयएसआयचे जुने पेपर त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. तिथे जायचं नसलं तरी तेच सोडव, बाकीच्या परीक्षा हलक्या वाटायला लागतात. क्लासच्या मागे लागायच्या आधी हे करून बघ.

काही ठिकाणी ‘तुम्हाला हा विषय का शिकायचाय’ असं पानभर लिहून मागतात. लहानपणापासून आवड, बाबांबरोबर बजेटचं भाषण ऐकायचे, अॅडम स्मिथने म्हटल्याप्रमाणे, यातलं काही नको. वाचणाऱ्याने तशी पानं ढिगाने पाहिलेली असतात. तू पापडी नाक्यावर उभी राहा. समोर बसीन कॅथॉलिक बँक आहे. १९१८ मध्ये एका धर्मगुरूच्या, मोन्सिग्नोर मोनीस यांच्या पुढाकाराने निघालेली. लोकांना ओळखीपाळखीच्या गोतावळ्यात कर्ज मिळालं तर ते का फिटतं, आणि परक्या सावकाराचं व्याज इतकं का चढतं? हाच प्रश्न अर्थशास्त्रज्ञ अकरलॉफ यांच्या १९७० च्या गाजलेल्या लेखात आहे. लोक त्या लेखातल्या जुन्या मोटारींचंच उदाहरण लक्षात ठेवतात, पण त्यात भारतातल्या सावकारी व्याजाचाही भाग आहे. कर्ज घेणारा कसा आहे हे गावातल्याला कळतं, बाहेरच्याला कळत नाही, यावर तो सगळा युक्तिवाद उभा आहे. त्याच लेखामुळे पुढे २००१ मध्ये अकरलॉफना नोबेल मिळालं. रोज ज्या इमारतीसमोरून जातेस ती एका सिद्धांताचा दाखला आहे, एवढं लिहिलंस तर तुझा अर्ज बाजूला काढून ठेवतील.

शिफारसपत्र मागायला सरांकडे शेवटच्या आठवड्यात जायचं नाही. महिनाभर आधी जा आणि त्यांच्या विषयात तू काय केलंस ते एका कागदावर लिहून दे. सरांना दीडशे पोरं असतात, तुझा चेहरा आठवेल पण प्रकल्प आठवणार नाही.

पैशाचं. कलिन्याची फी झेपण्यासारखी आहे. महाडीबीटीवर शिष्यवृत्त्या आहेत. त्यांचा फॉर्म दरवर्षी नव्याने भरावा लागतो, दुसऱ्या वर्षी तो विसरणारी पोरं खूप. परदेशाचं डोक्यात असेल तर बाबासाहेबांचं उदाहरण बघ. त्यांच्या मोठेपणावर आपण पुष्कळ बोलतो, अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून ते कसे शिकले त्यावर कमी. १९१३ ला बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली ती दहा वर्षं संस्थानाची नोकरी करण्याच्या करारावर. १९१५ ला कोलंबियातून एम.ए. झाले, प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि वित्तव्यवस्थेवर. १९१७ ला शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि एका पारशी मित्राचं कर्ज घेऊन १९२० ला पुन्हा लंडन गाठलं. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत पाठवला, तो मुंबईत बसून सुधारून धाडला आणि १९२३ संपता संपता डी.एस्सी. पदरात पडली. यातलं तुझ्या उपयोगाचं असं: कुठल्याही शिष्यवृत्तीच्या कागदावर सही करायच्या आधी बंधपत्राची अट वाच. आणि मार्गदर्शकाने प्रकरण परत पाठवलं तर तोंड पाडून बसू नकोस.

प्रवेश मिळाल्यावरची खरी गोष्ट पहिल्या सेमिस्टरची. सूक्ष्म अर्थशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, सगळं एकदम अंगावर येतं आणि गळती होते ती इथेच. त्यात तुझी गाडी. कलिन्याला जायचं तर विरारची फास्ट अंधेरीपर्यंत, मग स्लो धरून सांताक्रूझ, मग बस नाहीतर रिक्षा. गोरेगावला जायचं तर बोरिवलीला बदल. सकाळी वसईला लेडीज डब्यात पाय ठेवायला जागा नसते. बसायला मिळावं म्हणून उलट विरारला जाऊन येणाऱ्या बायका तुला माहीत आहेतच. डब्यात उभ्याने गणित होणार नाही, तिथे वाचायचे लेख वाच. गणित ग्रंथालयात, तास संपल्या संपल्या, घरी निघायच्या आधी. घरी पोचल्यावर करते म्हणणारी एकही विद्यार्थिनी मी पाहिली नाही जिने ते केलं. पहिल्या महिन्यातच तिघी-चौघी जमव. दर आठवड्याची गणितं प्रत्येकीने आधी एकटीने सोडवायची आणि मगच एकत्र बसायचं. उलटं केलं तर सगळ्यांना वाटतं आपल्याला येतं, परीक्षेत कळतं कुणालाच येत नव्हतं. आणि रेल्वेच्या पासचं कन्सेशन कॉलेजातून वेळेवर घे.

इकॉनोमेट्रिक्सला गुजरातींचं पुस्तक लागेल. दामोदर गुजराती मुंबई विद्यापीठाचेच एम.कॉम., पुढे शिकागोला गेले. त्याच्याबरोबर आर ही संगणकाची भाषा शिकून घे, फुकट आहे. केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाची श्रमबल पाहणी आणि घरखर्चाची पाहणी यांची कुटुंबवार आकडेवारी नुसती नोंदणी करून मिळते. अर्थशास्त्रज्ञ दांडेकर-रथांनी १९७१ मध्ये गरिबीवरचा गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा त्यांना असलं काही घरबसल्या नव्हतं. तुला आहे, तर पहिल्या वर्षाच्या सुट्टीत एक पाहणी उघडून पालघर जिल्ह्यात किती घरं सापडतात ते मोज. फार थोडी सापडतील. मग जिल्ह्याबद्दल त्यावरून ठाम का बोलता येत नाही, हे तुला कुणी शिकवावं लागणार नाही.

प्रबंधाचा विषय मोठा घेऊ नकोस. ‘भारतातील शेतीसमस्या’ असले विषय बघून परीक्षक आधीच थकतो. वसईचा सोनचाफा पहाटेच्या गाडीने दादरच्या फुलबाजारात जातो. गणपतीत आणि पितृपक्षात भाव कसा हलतो, त्यातला किती वाडीवाल्याच्या हाती पडतो, हे वर्षभर वहीत टिपलंस तर तेवढ्यात एम.ए.चा प्रबंध होतो. किंवा राजेळी केळी आणि सुकेळी घे. वाड्या विकून इमारती झाल्या, त्या विकणाऱ्याने भाव बघून विकल्या की पाणी खारट झालं म्हणून? भाव विचारायला जाशील तेव्हा वही बाहेर काढून बसू नकोस. आधी चहा घे, वाडी बघ, मग विचार. आणि ज्या दिवशी विचारलंस त्याच दिवशी तारीख घालून लिहून ठेव, प्रबंधाच्या शेवटी कुणी तारखा विचारल्या की आठवून सांगता येत नाहीत.

पंचावन्न टक्के सोडू नकोस. नेट-सेटला खुल्या गटातून एम.ए.ला पंचावन्न लागतात, रिझर्व्ह बँकेच्या संशोधन विभागालाही. चोपन्न पॉइंट नऊवर थांबलेली हुशार पोरं मी पाहिली आहेत; एका पेपरच्या सुधारणा परीक्षेला बसली असती तर आज कॉलेजात कायम झाली असती. भारतीय आर्थिक सेवेला अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते आणि वयाची तिशीची मर्यादा आहे. नेट वर्षातून दोनदा होते, जून आणि डिसेंबरची. शेवटच्या वर्षात असतानाच बसता येतं, तेव्हा निकालाची वाट बघत थांबू नकोस. अभ्यास ताजा असतो तो तेव्हाच. पहिल्या पेपरला अध्यापन, तर्क, आकडेवारी वाचणं असलं येतं, त्याला पोरं तुच्छ लेखतात आणि तिथेच मार्क घालवतात. तो मे महिन्यात, आंबे खात, करून टाक.